चूल कोणाची, पंगत कोणाची?



अन्नदानाचे माहात्म्य आपल्याकडच्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. ज्या मुलुखाने गाडगेबाबांसारखा पुरुष दिला, भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी हाच धर्माचा पहिला पाठ असे ज्यांनी गावोगाव सांगितले, त्या मुलुखात भंडाऱ्याला, महाप्रसादाला, गावजेवणाला कधी तोटा नव्हता. वर्धा शहराला खेटून वाढलेल्या सिंदी मेघेसारख्या गावातही मोठी पातेली चुलीवर चढणे ही काही नवलाईची गोष्ट नाही. पंगत उठताना आपण 'अन्नदाता सुखी भव' असे म्हणतो. आशीर्वाद सुंदर आहे. पण तो पोचतो कोणाला? ज्याने शिधा दिला त्याला. पहाटेपासून धुरात बसून ज्या बाईने तो रांधला तिला तो पोचत नाही, आणि ज्या बाईने ते धान्य निंदले, कापले, पाखडले तिला तर मुळीच नाही.

आजचा विषय या न पोचलेल्या आशीर्वादाचा आहे. त्याला अलीकडे 'अन्नन्याय' असे नाव मिळाले आहे. अन्नदान आणि अन्नन्याय यांत फरक आहे. दानात देणारा मोठा असतो आणि घेणारा लहान. न्यायात दोघे एका पाटावर बसतात. दानाने आजची भूक भागते. भूक ठराविक घरांतच वर्षानुवर्षे का राहते, हा प्रश्न दान विचारीत नाही. न्यायाला तो विचारावाच लागतो.

विषय मोठा आहे, म्हणून तो तीन साध्या प्रश्नांत बांधून घेऊ. पहिला, भांड्याला कोणाचा हात लागलेला चालतो? दुसरा, पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसू शकतो? आणि तिसरा, रांधणारी केव्हा जेवते आणि तिच्या श्रमाचे तिला काय मिळते? कोणतेही स्वयंपाकघर घ्या, ते घरचे असो, शाळेचे असो, आश्रमाचे असो, की उत्सवाचे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की तेथे न्याय किती आहे ते कळते. हे प्रश्न सर्वांत स्पष्टपणे कोणी विचारले असतील, तर ते ज्यांना रांधावे लागले पण बसू दिले गेले नाही अशा स्त्रियांनी: अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांनी आणि आपल्याकडे दलित स्त्रियांनी.

एका कापसाचे दोन मुलूख

वर्ध्याच्या श्रोत्यांपुढे अमेरिकेचे नाव कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपले हे शहरच अमेरिकेतील एका घटनेशी बांधलेले आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. ते प्रामुख्याने गुलामगिरीच्या प्रश्नावर झाले. दक्षिणेकडील संस्थानांतील कापूस हा आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या वंशजांकडून, बिनमजुरीने, चाबकाखाली पिकवून घेतला जाई. युद्धाने तो कापूस विलायतेला जाईनासा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे आणि हिंगणघाटकडे वळली. १८६२ साली नागपुरातून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. तिकडचा गुलामाच्या हातचा कापूस अडला म्हणून इकडच्या मजुराच्या हातच्या कापसाला मागणी आली.

कापूस हे पीक असे आहे की त्याने अंग झाकते, पोट भरत नाही. ज्याच्या शेतात कापूसच कापूस आहे त्याला ज्वारी, डाळ, तेल विकत घ्यावे लागते. आणि ज्याचे स्वतःचे शेतच नाही, जो दुसऱ्याचा कापूस वेचतो, त्याचे पोट मजुरीच्या पैशावर टांगलेले असते. मिसिसिपीत हेच होते आणि वर्ध्यातही हेच आहे. २००६ साली पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरून पंतप्रधानांचे साहाय्य जाहीर झाले, त्यांत वर्धा होता. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला त्या घरी चूल, म्हातारीचे औषध, लेकरांची शाळा आणि कर्जाचे कागद हे सारे एका बाईच्या डोक्यावर येते. अन्नाचा प्रश्न आणि सांभाळाचा प्रश्न वेगवेगळे नाहीत, हे अशा घरात पाऊल टाकल्याबरोबर समजते.

चुलीतून उभी राहिलेली चळवळ

गुलामगिरी कायद्याने गेली तरी कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला दोनच कामे मोठ्या प्रमाणावर राहिली: गोऱ्याच्या शेतात राबणे, नाहीतर गोऱ्याच्या घरी स्वयंपाक व मुले सांभाळणे. दुसऱ्याच्या लेकराला भरवून ती रात्री घरी येई, तेव्हा तिचे लेकरू झोपलेले असे. अशा स्त्रियांनी आपली चूल हेच आपले हत्यार केले.

१९५५ च्या डिसेंबरात अलाबामा संस्थानातील माँटगोमेरी शहरी, बसमध्ये काळ्यांनी मागे बसावे किंवा गोऱ्यासाठी उठावे या नियमाविरुद्ध बहिष्कार सुरू झाला. तो ३८१ दिवस चालला. इतके दिवस हजारो माणसांची ने-आण करायची तर मोटारी हव्यात, पेट्रोल हवे, पैसा हवा. जॉर्जिया गिलमोर ही एका खाणावळीत काम करणारी स्वयंपाकीण होती. तिने शेजारच्या बायका जमवल्या. त्यांनी घरी कोंबडीचे पदार्थ, गोड वड्या-केक असे करून विकायचे आणि येणारा पैसा सभेत आणून द्यायचा. या मंडळाला त्यांनी नाव दिले 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलेच नसलेले मंडळ'. नावात मेख होती. पैसे कोठून आले असे कोणी विचारले तर 'कुठून नाही' असे खरे उत्तर देता यावे आणि कोणाही मोलकरणीची नोकरी जाऊ नये. जॉर्जियाबाईंची स्वतःची नोकरी मात्र गेली. तेव्हा त्यांनी घरातच खाणावळ घातली, आणि चळवळीची खलबते त्यांच्याच स्वयंपाकघरात होऊ लागली. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्याकडे जेवत असत.

दुसरे नाव फॅनी लू हेमर यांचे. त्यांचा जन्म १९१७ चा. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्या मिसिसिपीत कापूस वेचीत होत्या. १९६२ साली मतदारयादीत नाव घालायला गेल्या म्हणून मळ्याच्या मालकाने त्यांना घराबाहेर काढले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर परगण्यात काळे लोक मताचा हक्क मागतात असे पाहून तेथील अधिकाऱ्यांनी गरिबांना मिळणारे सरकारी शिलकी धान्यच बंद केले. मत मागाल तर भाकर जाईल, असा त्याचा अर्थ. हेमरबाईंनी यातून एक सरळ निष्कर्ष काढला: ज्याचे अन्न दुसऱ्याच्या मुठीत, त्याचे मतही दुसऱ्याच्या मुठीत. १९६९ साली त्यांनी ४० एकरांपासून 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभारली. कापसाच्या मुलुखात त्या शेतीत भाजीपाला आणि कडधान्य पिकवू लागल्या. जोडीला डुकरांची 'बँक' काढली. गाभण मादी एका कुटुंबाला द्यायची. ती व्याली की पिल्ले त्या कुटुंबाची आणि मादी पुन्हा पुढच्या कुटुंबासाठी. मुद्दल फिरते राहावे आणि कोणाला हात पसरावा लागू नये, ही त्यातली योजना. पैशाच्या ओढाताणीने ही शेती काही वर्षांतच मोडली, आणि १९७७ साली हेमरबाई वारल्या. पण धान्य वाटण्यापेक्षा धान्य पिकवण्याचे साधन हाती देणे हा न्याय, ही त्यांची शिकवण मोडली नाही.

त्याच १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्षाने एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना फुकट न्याहारी देण्यास सुरुवात केली, आणि पाहता पाहता ती अनेक शहरांत पसरली. व्याख्याने पुरुषांची गाजली. पहाटे उठून अंडी फोडणारे, भांडी घासणारे हात बहुतांशी स्त्रियांचे होते. येथेच कृष्णवर्णीय स्त्रीवादाचा उगम समजतो. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत त्यांना वर्णाचे दुःख बोलता येईना आणि काळ्या पुरुषांच्या चळवळीत बाईचे. म्हणून १९७७ साली बॉस्टनच्या 'कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह' या गटाने आपले निवेदन काढले. वर्ण, वर्ग आणि लिंग या तिन्हींचा जाच एकाच अंगावर एकाच वेळी होतो, तो तुकडे करून सुटत नाही, हे त्याचे सार. पुढे १९८० साली बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड इत्यादींनी अशा स्त्रियांसाठी प्रकाशनसंस्था काढली आणि तिचे नावच 'किचन टेबल' ठेवले. ज्या मेजावर भाजी चिरायची त्याच मेजावर बसून पुस्तके काढायची, हा त्यातला अभिमान.

तिकडे पंगत चालत नव्हती, इकडे हातही

आता आपल्याकडे वळू. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ काळ्यांच्या दास्यविमोचनासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आणि १९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी संघटना काढली तिला ब्लॅक पँथरवरूनच 'दलित पँथर' हे नाव दिले. दोन दुःखांची ओळख अशी जुनी आहे. तथापि दोहोंत एक फरक आहे आणि तो आपण डोळ्यांआड करता कामा नये. अमेरिकेत गोरा माणूस काळ्या स्वयंपाकिणीच्या हातचे तिन्ही त्रिकाळ जेवत असे. फक्त तिने त्याच्या मेजावर बसू नये एवढाच दंडक. १९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी दुकानातील खाण्याच्या फळीवर जाऊन बसले, तो लढा बसण्याचा होता. आपल्याकडे मात्र हातच विटाळाचा ठरला. त्या हाताने ज्वारी कापलेली चाले. त्याच ज्वारीची त्याच हाताने थापलेली भाकर चालत नसे. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेपेक्षा अधिक कठोर येते.

आणि दुसऱ्या प्रश्नाचे? ते पाहायला लांब जायला नको. जाईबाई चौधरी यांचे नाव नागपूरकडे पुष्कळांनी ऐकले असेल. त्या उमरेडच्या. लहान वयात लग्न झाले. रेल्वेच्या स्थानकावर हमाली करून पोट भरले. एका मिशनरी बाईच्या साहाय्याने शिकून शिक्षिका झाल्या, तर मुलांना अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. १९३७ च्या डिसेंबरात नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. स्त्रियांच्या समतेची भाषणे झाली, ठराव झाले. आणि जेवणाच्या वेळी जाईबाई आणि त्यांच्यासोबतच्या दलित स्त्रियांना वेगळे बसवण्यात आले. व्यासपीठावर 'भगिनी', आणि पानावर परकी! आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे: पंक्तिप्रपंच. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा भरवून या अपमानाचा निषेध केला. कोंबाहीचे निवेदन त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी आले. तेव्हा हा विचार आपण तिकडून आणला असे नव्हे. तो नागपूरच्या एका पंगतीतच जन्मला होता.

ही सभा एकाकी नव्हती. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, हजारो स्त्रिया आल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना मार्गदर्शन केले. गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बायांना रजा, दुखापतीची भरपाई, म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे, अशा मागण्या तेथे झाल्या. म्हणजे शुश्रूषेची, सांभाळाची गरज राबणाऱ्या बाईलाही असते हे त्यांनी ठरावात मांडले. हा सारा इतिहास मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथात गोळा केला आहे. भुकेची आतली बाजू मात्र बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये वाचावी; बाळंतीण बाईच्या पोटात अन्नाचा कण नसणे म्हणजे काय, ते तेथे कळते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात दलितांच्या खाद्यपदार्थांची नोंद केली. ज्यांना शिळ्या तुकड्यांवर आणि मेलेल्या जनावरावर ठेवले गेले, त्यांनी त्यातूनही कशी पाककला सिद्ध केली, हे मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत तोवर सहसा आलेच नव्हते.

आणि आज? १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी लाखो माणसे दीक्षाभूमीवर येतात. त्या दिवसांत नागपूरच्या रस्त्यांवर भोजनदानाची केंद्रे लागतात. येणाऱ्याला जात विचारली जात नाही. ज्यांच्या हाताचा विटाळ मानला, ते आज यजमान आहेत. समतेचा इतका मोठा स्वयंपाक आपल्या दाराशी होत असता त्याची थोरवी आपण पुरती ओळखलेली नाही.

सेवा आणि वेठ

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. कारण तो 'सेवा' या शब्दापाशी येऊन थांबतो, आणि आपला जिल्हा तर सेवेचाच. सिंदी मेघेहून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर नसले तरी फार दूर नाही. १९३६ साली गांधीजी शेगावला राहावयास आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. परचुरेशास्त्री या कुष्ठरोगी पंडितांना गांधीजी तेथे स्वतःच्या हातांनी मालिश करीत. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. मर्दाने शुश्रूषा करणे हे कमीपणाचे नाही, हा धडा या मातीने देशाला दिला. त्याहीपूर्वी सावित्रीबाई फुल्यांनी तो गिरवला होता. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीस मुलांसाठी बालाश्रम काढला, तेथे शेकडो लेकरांच्या भाकरीची व्यवस्था त्यांनी पाहिली. आणि १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका दलित मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना रोग जडून १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला.

ही सेवा थोर का? कारण ती स्वेच्छेची होती, आणि वरून खाली न जाता माणसाकडून माणसाकडे जात होती. गांधीजींना मालिश न करण्याची मुभा होती. म्हणूनच करण्याला मोल आले. ज्या बाईला न करण्याची मुभाच नाही तिच्या कामाला सेवा म्हणणे ही शब्दाची फसवणूक आहे. तिला जुना शब्द 'वेठ' हाच लागू पडतो. गावकीत येसकराकडून राबवून घेत आणि शिळा तुकडा देत, त्यालाही गावाची सेवाच म्हणत असत.

हे आजच्या दोन उदाहरणांनी पाहू. शाळेतील दुपारचे जेवण १९९५ साली राष्ट्रीय योजना म्हणून सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने ते शिजवलेले, गरम अन्न झाले. प्राथमिक वर्गातील मुलाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे त्याचे माप आहे. मुलांचे माप ठरले, शिजवणारीचे काय? २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन, आणि पुढे दर शंभरामागे एक अशी स्वयंपाकिणींची संख्या ठरली, आणि २००९ साली केंद्राने त्यांचे मानधन ठरवले महिना १००० रुपये, तेही वर्षाचे १० महिने. राज्ये त्यात आपापली भर घालतात, पण शब्द 'मानधन' हाच राहिला. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत मान असतो, धन नसते! याच न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकीण नेमताना दलित व आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे सांगितले. यामागचा विचार खोल आहे: ज्या हातचे खाऊ नये असे आजोबांनी सांगितले, त्या हातचे नातवाने रोज खावे. पण २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातील सुखीढांग येथे वरच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण नाकारले आणि तिलाच कामावरून दूर करण्यात आले. यावर दलित मुलांनीही दुसऱ्या स्वयंपाकिणीच्या हातचे नाकारले. पुढे त्या बाईला परत घ्यावे लागले. जुना पंक्तिप्रपंच शाळेच्या पोषण आहारातही शिरतो, हे विसरून चालणार नाही.

दुसरे उदाहरण अंगणवाडीचे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ही योजना सुरू झाली. लेकरांना खाऊ घालणे, वजन घेणे, गरोदर बाईची विचारपूस, अशी गावाची सारी माया सरकारने एका सेविकेवर आणि एका मदतनीस बाईवर सोपवली. नावातच सेवा आहे, म्हणून वेतन नाही, मानधन! डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी दीर्घ संप केला तो याचसाठी. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला, म्हणजे त्यांचे काम हे काम आहे असे न्यायाने म्हटले.

घरची चूल तर कोणत्याच हिशेबात नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत असे आढळले की बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो, आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या रक्तात लोह कमी पडल्याची खूण, म्हणजे पंडुरोग, दिसला. सर्वांना वाढून उरलेले शेवटी खाणे हे याचे एकमेव कारण नाही. पण ते कारण नाहीच असे कोणत्या घराने छातीवर हात ठेवून म्हणावे?

हिशेबाने माया आटते काय?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. आईच्या हातच्या भाकरीचा हिशेब मांडला, तर माया कोठे राहील? याचे उत्तर मुंबईच्या खाणावळवाल्यांनी दिले आहे. गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले एकटे कामगार या बायांच्या घरी जेवत. संप झाला, पगार थांबले, तरी या बायांनी त्यांची ताटे थांबवली नाहीत; वाण्याचे आणि सावकाराचे कर्ज स्वतःच्या डोक्यावर घेतले. माया यापेक्षा वेगळी ती काय? पण त्या मायेची किंमत त्यांनी दागिने गहाण टाकून दिली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिले आणि एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकार सुटला, बाईच्या हाती पैसा राहिला, आणि कामगाराची भाकर काही कडू झाली नाही. हिशेबाने माया आटत नाही. बेहिशेबीपणाने माया करणारी आटते.

आपल्या गावापुरते

आता हे सारे सिंदी मेघेच्या अंगणात आणून ठेवू. कायदा काही अंशी आपल्या बाजूचा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीचे नाव असावे असे ठरवले. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून आहार हा तिचा हक्क केला. आपल्या पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, एवढे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.

गावचा भंडारा असेल तेव्हा भांड्याला सर्व जातींचे हात लागावेत. केवळ जेवायला सर्वांना बोलावल्याने निम्माच न्याय होतो. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली सर्वांना खुले झाले, त्याला शतक होत आले, तेव्हा रांधण्याची जागा खुली करायला आपण आणखी किती थांबणार? पुरुषांनी केवळ वाढायला पुढे न येता मागे भांड्यांपाशीही बसावे. परचुरेशास्त्र्यांच्या जिल्ह्यात याची लाज वाटण्याचे कारण नाही. पहिल्या पंगतीत रांधणाऱ्या बायांपैकी निम्म्यांनी तरी जेवून घ्यावे, आणि मजुरीने बोलावलेल्या बाईला मजुरी ठरवून, रोख, उत्सव संपण्यापूर्वी द्यावी. शाळेच्या स्वयंपाकिणीला पालकसभेत खुर्ची असावी. मुलांच्या ताटाविषयी तिच्याइतके कोणाला कळणार?

आणखी एक गोष्ट. सावंगीच्या आणि सेवाग्रामच्या रुग्णालयांत लांबलांबच्या खेड्यांतून माणसे येतात. रोग्यासोबत बहुधा घरची बाई असते. रोग्याला रुग्णालय सांभाळते. सांभाळणारीला कोण सांभाळतो? मेघे नावाची ही सारी गावे, सिंदी, सावंगी, बोरगाव, पिपरी, उमरी, एकमेकांना लागून आहेत. त्यांनी पाळीपाळीने एक चूल चालवावी, तीत बचतगटांच्या बायांना रास्त मोबदला असावा, शिधा गावाने द्यावा आणि हिशेब फळ्यावर लिहावा. दान देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि राबणारीचे नाव कोठेच नाही, असे मात्र तेथे होऊ नये.

'अन्नदाता सुखी भव' हा आशीर्वाद टाकून देण्याचे कारण नाही. त्याचा पल्ला वाढवायचा आहे. शिधा देणारा, पिकवणारी, रांधणारी, वाढणारी आणि खरकटे काढणारी या सर्वांना तो एकाच वेळी लागू पडेल, अशी पंगत मांडायची आहे. त्या पंगतीत जाईबाईंचे पान वेगळे मांडलेले नसेल.